ग्रीक दह्याचा शोध : जळगाव ते धुळे

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांत एक नवा शब्द आला आहे आणि तो आता घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्याही तोंडी बसला आहे. तो शब्द म्हणजे प्रोटीन. भरतीची तयारी करणारी मुले-मुली पहाटे मैदानावर जातात आणि परत येताना हा शब्द घेऊन येतात. मग घरात हिशेब सुरू होतो. अंडी किती, दूध किती, डब्यातली पावडर केवढ्याला. त्यात आता 'ग्रीक योगर्ट' या नावाची भर पडली आहे, आणि तेही साधे नव्हे, 'इम्पोर्टेड' पाहिजे.

आमच्या ओळखीच्या एका घरात ही मागणी कशी आली ते सांगतो. वडील डाळ मिलमध्ये हमाली करतात, आई दोन-तीन घरची धुणीभांडी करते. थोरली मुलगी बारावी होऊन पोलीस भरतीच्या मागे लागली आहे. मुलींना शारीरिक चाचणीत ८०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक मिळून ५० गुण असतात. त्यातले २० गुण एकट्या ८०० मीटरचे. मैदानावर शिकवणाऱ्या सरांनी सांगितले, बाहेरच्या देशातले ग्रीक योगर्ट रोज एक डबी खा, ताकद येईल. एका गुणाने नाव यादीच्या खाली जाते हे त्या घराला चांगले ठाऊक. त्यामुळे वडिलांनी मुकादमाकडे उचल मागायची तयारी केली. मुलीने आम्हाला विचारले, "काका, हे जळगावात कुठं मिळतं? का मुंबईहून मागवावं लागेल?"

आम्ही म्हटले, आधी बाजार पाहू, मग उचल घेऊ.

कचेरी सुटल्यावर सुरुवात केली ती फुले मार्केटपासून. पहिल्या किराणा दुकानदाराने आम्हाला 'ग्रीन' ऐकू आले असे समजून हिरव्या चहाची पुडी काढून दिली. दुसऱ्याने गोड दह्याचा कप दाखवला. नवीपेठेत एका मिठाईवाल्याने श्रीखंड पुढे केले आणि म्हणाला, "साहेब, याच्याइतकं घट्ट दही ग्रीसच्या बापानंही पाहिलं नसेल." तेव्हा आम्ही हसलो. नंतर लक्षात आले की आमच्या सगळ्या भटकंतीत मुद्द्याचे एवढेच वाक्य ऐकायला मिळाले होते. औषधाच्या दुकानात योगर्ट नव्हते, पण पावडरीचे मोठमोठे डबे होते. एका डब्याची किंमत पाहून आम्ही तो जपून परत ठेवला.

शेवटी एका मोठ्या वातानुकूलित दुकानाच्या फ्रीजमध्ये ती वस्तू सापडली. तळहातावर मावेल एवढी डबी, वर 'ग्रीक योगर्ट' असे ठळक अक्षरांत, बाजूला फळाचे चित्र. चार डब्या होत्या. त्यातल्या दोनांची मुदत परवा संपणार होती. डबी उलटी करून बारीक अक्षर वाचले तर माल भारतातच बनलेला, आणि घटकांत दुधाच्या पाठोपाठ साखर. काउंटरवरच्या मुलाला विचारले, "इम्पोर्टेड आहे का?" तो म्हणाला, "ग्रीक म्हणजे इम्पोर्टेडच ना सर."

त्याच आठवड्यात संघटनेच्या कामाने धुळ्याला जाणे झाले. एरंडोल, पारोळा करत एस.टी.ने उतरलो. काम आटोपल्यावर पाचकंदील, आग्रा रोड आणि पुढे देवपूर असा फेरा मारला. पाचकंदीलला एका म्हाताऱ्या दुकानदाराने सरळ सांगून टाकले, "भाऊ, दही शे, ताक शे. ते ग्रीक-बिरीक काही नही शे." आम्हाला हा माणूस फार आवडला. जे नाही ते नाही म्हणतो. दुसऱ्या एका दुकानात मात्र 'इम्पोर्टेड' अशी पाटी लावलेले वेगळे कपाट होते. त्यात चॉकलेटे, बिस्किटे, ओट, फळांचे रस. योगर्टही होते, पण ते योगर्टच्या चवीचे वेष्टण असलेले बिस्कीट निघाले. त्या दुकानातल्या फ्रीजमध्ये निळ्या-पांढऱ्या रंगाची डबी दिसली, त्यावर दगडी खांबांचे चित्र. मागे पाहिले तर तीही आपल्याच देशातल्या एका राज्यातून आलेली. छापील किमतीपेक्षा ५ रुपये जास्त मागितले. कारण विचारले तर म्हणाला, "कूलिंग चार्ज." छापील किमतीवर असा आकार घेता येत नाही, हे आम्ही त्याला शांतपणे सांगितले आणि त्याने शांतपणे ५ रुपये परत केले. वाचकांनीही असे सांगायला लाजू नये.

मिळून जळगाव-धुळ्याच्या ज्या दुकानांत आम्ही गेलो, त्यांपैकी एकाही ठिकाणी परदेशातून आलेले ग्रीक योगर्ट दिसले नाही. दिसले ते सगळे देशी, नाव तेवढे ग्रीसचे.

आता हे ग्रीक योगर्ट म्हणजे असते काय? दही लावायचे, ते फडक्यातून गाळायचे, पाणी निघून गेले की मागे जे घट्ट राहते ते हे. ग्रीसमध्ये त्याला जे नाव आहे त्याचा अर्थच 'गाळलेले' असा होतो. तुर्कस्तानातही तसेच गाळलेले दही खातात. अरब देशांत त्याला लबने म्हणतात. पूर्वी ग्रीसमध्ये ते बहुतेक मेंढीच्या, शेळीच्या दुधाचे करीत, आता बाजारात येते ते जास्त करून गाईच्या दुधाचे. अथेन्समध्ये १९२६ साली एका कुटुंबाने दूध-दह्याचे छोटे दुकान काढले, त्यातून 'फागे' ही कंपनी झाली. त्या भाषेत फागे म्हणजे 'खा'. अमेरिकेत हे दही घरोघरी नेले ते तुर्कस्तानातून आलेल्या हमदी उलुकाया नावाच्या कुर्दी माणसाने. मेंढपाळाच्या घरातला हा मुलगा १९९४ साली अमेरिकेत गेला. २००५ साली त्याने न्यूयॉर्क राज्यातला एक बंद पडलेला दही कारखाना विकत घेतला आणि २००७ साली 'चोबानी' या नावाने माल बाजारात आणला. पुढे चोबानी इंग्लंडात गेली तेव्हा फागेने दावा लावला. अमेरिकेत बनलेल्या दह्याला ग्रीक योगर्ट म्हणणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे, असा तो दावा होता. २०१३ साली तिथल्या न्यायालयाने तो मान्य केला आणि २०१४ साली अपिलातही निकाल कायम राहिला. म्हणजे इंग्लंडात 'ग्रीक' म्हणायचे तर दही ग्रीसमध्ये बनलेले पाहिजे. बाकीच्यांनी 'ग्रीक पद्धतीचे' असे लिहावे.

आपल्याकडे मात्र देशात बनलेले गाळीव दहीही 'ग्रीक' नावानेच विकले जाते. २०१५ साली मुंबईच्या ड्रम्स फूड कंपनीने 'एपिगामिया' हे नाव बाजारात आणले, त्यानंतर नेस्लेने आणले, तामिळनाडूच्या मिल्की मिस्टनेही आणले. यात लबाडी आहे असे आम्ही म्हणत नाही. डबीच्या मागे कुठे बनले ते छापलेले असते. पण आपला माणूस डबीचा पुढचा भाग वाचतो आणि 'ग्रीक' या शब्दाचे पैसे मोजतो. मैदानावरचे सरही बहुधा तेवढेच वाचून सांगत असावेत.

मग खरे परदेशी दही खान्देशात का दिसत नाही? आम्ही वाणिज्य शाखेचे. त्यामुळे माल का येत नाही याचे उत्तर आधी कागद आणि वाहतुकीत शोधतो.

परदेशातून दूध-दही आणायचे तर केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाचा आयात परवाना लागतो. माल पाठवणाऱ्या देशाच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो. ज्या जनावरांचे दूध वापरले त्यांना गुरांच्या मांसाचे, हाडांचे, आतड्यांचे किंवा रक्ताचे खाद्य घातलेले नाही, हेही त्या दाखल्यात यावे लागते. या अटीवरून अमेरिका आणि आपले सरकार यांच्यात अनेक वर्षे वाद चालला आहे. वर आयात शुल्क. आपला देश १९९८ पासून जगात सर्वांत जास्त दूध काढणारा देश आहे. २०२३-२४ साली ते उत्पादन सुमारे २३ कोटी ९० लाख टन होते. ते काढणारे बहुतेक दोन-चार जनावरांचे धनी. बाहेरचे स्वस्त दूध आले तर हा माणूस बसेल, म्हणून सरकारे याबाबत हात आखडता घेतात. २०१९ च्या नोव्हेंबरात भारत आशियाई देशांच्या मोठ्या व्यापार करारातून बाहेर पडला, त्यामागेही न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाच्या दुधाची धास्ती हे एक मोठे कारण होते.

हे सगळे पार केले तरी दिवसांचा हिशेब राहतोच. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या आयात नियमांनुसार बंदरात किंवा विमानतळावर माल सोडवताना त्याच्या एकूण मुदतीपैकी ६० टक्के तरी मुदत शिल्लक पाहिजे, किंवा ३ महिने. यातले जे कमी असेल ते. आता ताज्या दह्याची एकूण मुदत ४० दिवस धरा. ६० टक्के म्हणजे २४ दिवस. कारखान्यातून निघून आपल्या देशात कस्टमच्या टेबलापर्यंत यायला त्या डबीला १६ दिवसच मिळाले. जहाजाने यायला आठवडेच्या आठवडे जातात, म्हणजे विमानच हवे. विमानाचे भाडे दह्याच्या डबीवर बसवले की ती डबी दह्याची राहत नाही, दागिन्याची होते. त्यापुढे मुंबई ते जळगाव ४०० किलोमीटरहून जास्त, थंड गाडीत. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या घरात जातो आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. कोणता व्यापारी हा धंदा करील? ज्याने पाचकंदीलला 'नही शे' म्हटले, तो शहाणाच म्हणायचा.

काही परदेशी योगर्ट फ्रीजविना महिनोन् महिने टिकते. ते विरजल्यानंतर पुन्हा तापवलेले असते. त्यातले दह्याचे जिवंत जंतू तापवण्यात मेलेले असतात. प्रोटीन राहते, पण पोटाला ज्यासाठी दही चांगले म्हणतात ते त्यात उरत नाही. एवढे लक्षात ठेवून ज्याला घ्यायचे त्याने घ्यावे.

आता मिठाईवाल्याच्या वाक्याकडे येऊ. गाळलेले दही म्हणजे आपला चक्का. पाडव्याला, लग्नकार्यात श्रीखंडासाठी जो करतात तोच. सरकारी अन्नमानकांतही 'चक्का' हे नाव स्वतंत्र नोंदलेले आहे. बडोद्याच्या सहकारी दूध संघाच्या सुगम डेअरीत दह्यातून पाणी वेगळे काढणारी यंत्रे बसवून मोठ्या प्रमाणावर चक्का आणि श्रीखंड करू लागले, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. विरजणातला फरक आहे हे कबूल. ग्रीक योगर्टला दोन ठरावीक जंतू वापरतात, आपल्या घरच्या विरजणात त्यांची सरमिसळ असते, म्हणून चव थोडी वेगळी लागते. पण भरतीच्या मुलीला चवीशी नव्हे, प्रोटीनशी काम आहे.

तर प्रोटीनचा हिशेब पाहा. साध्या दह्यात १०० ग्रॅमला साधारण साडेतीन ग्रॅम प्रोटीन. न गोड केलेल्या ग्रीक योगर्टमध्ये ८ ते १० ग्रॅम. फळाच्या, गोड डबीत त्याहून कमी, कारण जागा साखरेने घेतलेली. म्हशीच्या १ लिटर दुधाचे दही लावून रात्रभर टांगले तर साधारण ४०० ग्रॅम चक्का निघतो आणि त्यात ३० ग्रॅमच्या वर प्रोटीन उरते, म्हणजे १०० ग्रॅमला ८ ग्रॅमच्या आसपास. दूध ७० रुपये लिटर धरा. जळगावात जिल्हा दूध संघाची 'विकास'ची पिशवी गल्लीच्या तोंडाशी मिळते. तेवढाच माल ९० ग्रॅमच्या डब्यांतून घ्यायचा तर साडेचार डब्या लागतात. एक डबी ५० रुपयांना धरली तर सव्वादोनशे रुपये होतात. ७० आणि २२५ मधला फरक रोजचा धरला तर महिन्याला साडेचार हजारांवर जातो. त्या घराचे घरभाडे याहून कमी आहे.

दुधापेक्षा स्वस्त वाटाही आहेत आणि त्या सांगितल्या नाहीत तर हिशेब अर्धवट राहील. एका अंड्यात ६ ग्रॅम. १०० ग्रॅम शेंगदाण्यात २५. तुरीच्या डाळीत १०० ग्रॅमला २० च्या वर. आमच्या खान्देशात ज्वारी आणि उडीद एकत्र दळून कळण्याची भाकरी करतात, तिच्यावर ठेचा आणि कच्चे तेल. धान्य आणि डाळ एकत्र आले की एकाची उणीव दुसरे भरून काढते, हे आहारशास्त्र सांगते. वडील दिवसभर तुरीच्या डाळीची पोती वाहतात, त्या पोत्यांत किती प्रोटीन जाते याचा हिशेब आम्ही मुलीला कागदावर करून दाखवला. ती हसत सुटली आणि आईला म्हणाली, "आता वरण पातळ करू नको."

किती लागते, हेही सांगायला हवे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरेसे म्हटले आहे. ५० किलोच्या मुलीला ४२ ग्रॅमच्या आसपास. रोज मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलीला यापेक्षा जास्त लागेल, पण दुप्पट-तिप्पट नव्हे. आणि ८०० मीटरचा दम नुसत्या प्रोटीनने येत नाही. तो सरावाने, पोटभर भाकरीने आणि अंगात रक्त असल्याने येतो. आपल्याकडच्या मुलींत रक्त कमी असणे फार. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्यावी, लोहाच्या गोळ्या मिळतात. मैदानावरच्या सरांनी डबीआधी हे सांगितले असते तर बरे झाले असते. वडिलांनी उचल घेतली नाही. आता त्या घरात एक दिवसाआड एक लिटर दूध जास्त येते आणि मुलीसोबत धाकट्या भावालाही वाटी मिळते.

चक्का करण्याबद्दल दोन शब्द, कारण आमच्या उन्हाळ्यात तो लवकर आंबतो. दूध चांगले उकळून कोमट करावे, विरजण कमी घालावे. दही लागल्याबरोबर स्वच्छ धुतलेल्या, उकळत्या पाण्यातून काढलेल्या सुती फडक्यात बांधावे. फ्रीज असेल तर चाळणीत फडके ठेवून खाली भांडे, असे फ्रीजमध्येच गाळावे. नसेल तर संध्याकाळी लावलेले दही पहाटे बांधावे आणि मैदानावरून परत येईपर्यंत चार-पाच तास टांगावे. थोडा सैल राहील, चालतो. फ्रीज नसलेल्या घरी लिटरऐवजी अर्ध्या लिटरचाच करावा आणि त्याच दिवशी संपवावा. डेअरीतून तयार चक्का घेणार असाल तर वास घेऊन, चव पाहून घ्या. आणि श्रीखंड म्हणजे चक्का नव्हे. श्रीखंडात साखर फार असते, ते सणाला.

ज्यांना डबीच घ्यायची आहे त्यांनी ती उलटी करून वाचावी. कुठे बनले, मुदत कधी संपते, साखर किती, १४ आकडी परवाना क्रमांक आहे का, हिरवा ठिपका आहे का. खरोखर परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता छापलेला किंवा चिकटवलेला असतो. तो नसेल तर 'इम्पोर्टेड' हा शब्द दुकानदाराच्या तोंडचा समजावा. चिकटवलेल्या कागदाखाली मुदतीची तारीख झाकलेली दिसली तर डबी घेऊ नये. जास्त पैसे घेतले, मुदत संपलेला माल दिला तर बिल जपून ठेवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा, मराठीतून बोलता येते.

राहिले दह्याचे पाणी. अमेरिकेत या दह्याचे कारखाने वाढले तेव्हा १ किलो दह्यामागे तीन-चार किलो दूध लागायचे आणि मागे उरलेल्या आंबट पाण्याचे करायचे काय, ही मोठी अडचण झाली. ओढ्यात सोडले तर मासे मरतात. आपल्याला ती अडचण नाही. १ लिटरमागे जे अर्धा लिटरभर पाणी निघते त्यात भाकरीचे पीठ मळावे, कढीला वापरावे, नाहीतर चिमूटभर मीठ-जिरे घालून पिऊन टाकावे. त्या मुलीची आई ते कळण्याच्या पिठात घालते आणि भाकरी मऊ होते असे म्हणते.